अंगठ्याच्या बुडाचा सांधा : तीन शस्त्रक्रियांतून कोणती निवडावी?

प्रश्न : माझे वय ६१ आहे. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी चार वर्षांपासून ठणका लागतो. पट्टा बांधला, दोन इंजेक्शने घेतली, तरी भाकरी थापणे, धार काढणे आणि कापूस वेचणे जमत नाही. एक डॉक्टर हाड काढू म्हणतात, दुसरे सांधा जोडू म्हणतात, तिसरे कृत्रिम सांधा सुचवतात. मी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक भगिनी, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : तिन्ही शस्त्रक्रिया मान्यताप्राप्त आहेत, त्यामुळे कोणी चुकीचे सांगितले असे समजू नका. निवड करायची ती आपल्या हाताला रोज काय करावे लागते, त्यावरून.

सांधा जोडल्याने, म्हणजे त्यातील दोन हाडे कायमची एकसंध केल्याने, दुखणे थांबते आणि पकडीचा जोर टिकतो. म्हणून जड हत्यारे चालवणाऱ्या तरुण गवंड्याला किंवा सुताराला हा मार्ग सुचवला जातो. परंतु त्यानंतर अंगठा एकाच ठेवणीत राहतो आणि तळहात परातीत पूर्ण सपाट टेकत नाही, हे भाकरी थापणाऱ्या हाताचे मोठे नुकसान आहे. शिवाय काही वेळा हाडे जुळून येत नाहीत, आणि शेजारचा सांधाही झिजलेला असेल तर हा मार्ग सहसा टाळला जातो.

कृत्रिम सांध्याने हात लवकर कामाला लागतो; मात्र तो निखळू किंवा सैल होऊ शकतो, खर्चही अधिक येतो, आणि तो नियमितपणे बसवणाऱ्या सर्जनकडेच जावे.

आपल्यासाठी मला झिजलेले ट्रॅपेझियम हाड (अंगठ्याच्या बुडाशी मनगटात असलेले लहान हाड) काढून टाकणे अधिक योग्य वाटते. ही पद्धत १९४९ पासून परिचित आहे. हाड काढल्यावर रिकाम्या जागी मनगटाजवळचा स्नायुरज्जू (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) गुंडाळून बसवण्याची पद्धतही रूढ आहे, परंतु अभ्यासांची तुलना केल्यावर त्याने दुखणे अधिक कमी होते किंवा जोर अधिक येतो असे दिसले नाही, उलट गुंतागुंत थोडी जास्त आढळली. म्हणून आपल्या सर्जनना ‘रज्जू बसवण्याची गरज माझ्या हाताला का आहे?’ असे अवश्य विचारावे. या शस्त्रक्रियेत अंगठा किंचित आखूड होतो आणि अंगठ्याच्या पाठीवर कधी बधिरपणा राहतो. चार ते सहा आठवडे प्लास्टर किंवा पट्टा, मग व्यायाम, आणि चिमटीत जोर यायला सहा महिने, कधी वर्षही लागते. तेव्हा वेचणी उरकल्यावर शस्त्रक्रिया करावी, आणि धार काढायला घरातील दुसऱ्या कोणाचा तरी हात आधीच बसवून घ्यावा.