बुलेटला साइडकार आणि मामांच्या मोबाइलवर चलान

प्रश्न : मी कोल्हापूरचा. मामांच्या नावावरची २०१६ची बुलेट ३५० बरीच वर्षं मीच वापरतो. मित्राला घेऊन लेहपर्यंतच्या रॅलीत उतरायचं म्हणून उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरकडे साइडकार करायला टाकली. सांगाडा तयार आहे, चार ठिकाणी बोल्टने बसतो. हँडल जड लागतं म्हणून तो आता पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) बदलून चेसिसला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, ब्रॅकेट वेल्ड करू म्हणतोय. ट्रायल घेताना पोलिसांनी ‘बेकायदा बदल’ म्हणून चलान केलं, ते मामांच्या मोबाइलवर गेलं. आयोजक आरटीओची परवानगी मागतात. ४० हजार आगाऊ दिलेत, पावती नाही. काय करावं?

उत्तर : आधी फॅब्रिकेटरला फोन करून वेल्डिंग थांबवा. तुमची बाजू लढवता येईल की नाही, ते त्या ब्रॅकेटवर ठरणार आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम २(२७)मध्ये मोटारसायकलची व्याख्या आहे. जादा चाकाची, काढता-घालता येणारी साइडकार जोडलेली दुचाकी त्या व्याख्येत नाव घेऊन धरली आहे. म्हणजे साइडकार लागली म्हणून बुलेटची तीनचाकी होत नाही आणि तुमचं गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्सही चालतं. दुसरीकडे कलम ५२ म्हणतं की, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. पण ‘बदल’ कशाला म्हणायचं, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे : वाहनाच्या रचनेत असा फेरफार, ज्याने त्याचं मूळ स्वरूपच बदलतं. बोल्ट सोडले की बुलेट होती तशी उभी राहते, हा तुमचा मुद्दा आणि तो दमदार आहे. फोर्क बदलला, चेसिसला वेल्डिंग केलं की तो संपला. उत्पादकाच्या मूळ रचनेला धक्का लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९च्या के. जयचंद्र प्रकरणात बजावलं आहे.

मात्र हा युक्तिवाद कोर्टात चालतो, चौकात नाही. आरसीत आसनसंख्या आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, आणि साइडकार लावून उभी असलेली गाडी त्या आकड्यांशी जुळणार नाही. त्यामुळे आरटीओकडे लेखी अर्ज करा. सोबत जोडणीचा आराखडा, चारही जोडांचे फोटो, सांगाड्याचं वजन आणि ‘चेसिस कापलेली नाही, वेल्डिंग नाही’ असं स्पष्ट निवेदन द्या. आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी ‘चालतंय की’ला लडाखच्या नाक्यावर कोणी विचारणार नाही. लेखी नकार आला, तर यंदा साइडकार घरी ठेवून सोलो गटात नाव द्या. आयोजकांशी हुज्जत घालू नका.

आता मामा. कलम १८२अ(४)खाली शिक्षा मालकाला आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो. अपघात झाला तरी भरपाईसाठी तोच धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केलं. हँडल तुमच्या हातात आणि कोर्टाची तारीख मामांना, हे नात्यालाही बरं नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करा, विमाही त्यासोबत बदलून घ्या, साइडकारचा अर्ज त्यानंतर. चलान झालं तेव्हा जोड फक्त बोल्टचेच असतील, तर दंड भरून मोकळं होण्याची घाई करू नका. मामांच्या वतीने वकील देऊन फोटोंसह हरकत नोंदवा. दंड भरला तरी साइडकार कायदेशीर होत नाही, पुढच्या चौकात दुसरं चलान होऊ शकतं.

विम्याकडे बहुतेक रॅलीवाले बघतच नाहीत. दुचाकीच्या पॉलिसीत साइडकारच्या किमतीचा वेगळा रकाना असतो. तुमच्या पॉलिसीत तो कोरा असेल, तर साइडकारचं नुकसान तुमचं तुम्हीच भरायचं. त्याहून महत्त्वाची आहे ‘वापराची मर्यादा’ : आयोजित शर्यत, वेगचाचणी आणि वाहनाच्या टिकाऊपणाच्या चाचण्या त्यातून वगळलेल्या असतात. रॅली यातल्या कशात बसते, हे कंपनीला आत्ताच लेखी विचारा आणि होकार पॉलिसीवर नोंदवून घ्या. रॅलीत वेगाची चढाओढ असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं. सार्वजनिक रस्त्यावर त्यासाठी राज्य सरकारची लेखी संमती लागते. आयोजकांकडून तिची प्रत मागा.

मित्र साइडकारमध्ये बसला तरी हेल्मेट हवंच. पूर्वी साइडकारमधल्या माणसाला सूट होती, २०१९च्या दुरुस्तीत ती गेली. आणि साइडकारमध्ये मित्र असताना मागच्या सीटवर तिसरा नको, तिथे सामान बांधा.

राहिले चाळीस हजार. कायद्याने मनाई केलेल्या कामाचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३खाली रद्द ठरतो. म्हणजे फोर्क-वेल्डिंगसाठी पैसे दिले असं तुमच्याच मेसेजमध्ये निघालं, तर वसुली अवघड होईल. म्हणून फॅब्रिकेटरला आजच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा : ‘काम फक्त बोल्टने जोडायच्या, काढता येणाऱ्या साइडकारचं ठरलं आहे, चेसिस आणि फोर्कला हात लावायचा नाही, मिळालेले ४० हजार कबूल असल्याचं कळवावं.’ त्याचा ‘ओके’ आला की स्क्रीनशॉट काढून ठेवा.