न्योन्या कुए: आधी कोणती खाऊ?

प्रश्न: ताई, माझी मुलगी सिंगापूरला असते. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. तिच्या घराजवळ टियोंग बारू मार्केटात पेरानाकान मिठाई मिळते. हिरव्या, निळ्या, गुलाबी वड्यांचे फोटो ती पाठवत असते. नारळाचं मला सगळंच आवडतं, पण आम्ही अंडं-मासे खात नाही आणि ते रंग बघून मन धजावत नाही. काय खावं, काय टाळावं?
– एक वाचक

उत्तर: मी भाच्याकडे सहा आठवडे राहिले होते. त्यातले पहिले तीन तुमच्यासारखेच लांबून बघण्यात घालवले आणि त्याची हळहळ मला अजून आहे. म्हणून आधीच सांगते, तुम्ही पहिल्या सकाळीच जा.

मलाक्का, पेनांग, सिंगापूर इथं स्थायिक झालेल्या चिनी व्यापाऱ्यांनी स्थानिक बायकांशी संसार थाटले. त्यांचे वंशज ते पेरानाकान. पुरुष ‘बाबा’, बाई ‘न्योन्या’. चूल न्योन्यांच्या हातात, म्हणून या मिठाईचं नाव न्योन्या कुए. तांदूळ, नारळ आणि गूळ एवढ्यावर बरंचसं उभं आहे. आपल्याला परकं वाटावं असं त्यात फार थोडं.

सुरुवात ओन्दे-ओन्देनं करा. लिंबाएवढा हिरवा गोळा, वर ओल्या नारळाचा कीस, पोटात माडाचा गूळ. तिथं त्याला गुला मलाका म्हणतात. गोळा उकळत्या पाण्यात शिजताना आत गूळ वितळतो. म्हणून अर्धा चावायचा नाही. अख्खा तोंडात टाकायचा, ओठ मिटायचे आणि मगच दात लावायचा. गूळ फुटतो तेव्हा त्याला किंचित धुरकट, खारट चव असते. त्या एका क्षणासाठी मी रोज दोन जिने चढायला तयार होते. (टियोंग बारूला खाली भाजीबाजार आणि खाण्याचे गाळे वरच्या मजल्यावर आहेत.)

हिरवा रंग पंदनच्या पानांचा. केवड्याच्याच कुळातलं हे झाड. बासमतीला ज्या घटकामुळे वास येतो, तोच या पानात असतो, म्हणून पहिल्या घासालाच ओळखीचं वाटतं. निळा रंग तर आपल्या कुंपणावरच्या गोकर्णाच्या फुलांचा. पुलुत इन्ती नावाच्या प्रकारात चिकट तांदळाचा भात असतो, अनेकदा अशा निळ्या झाकेचा, वर गुळात शिजवलेला नारळ आणि भोवती केळीचं पान. सगळेच रंग फुलापानांचे असतात असं मात्र नाही. कुए लापिसचा भडक गुलाबी बहुतेक ठिकाणी बाटलीतला खाण्याचा रंगच असतो. तरी ती खा. तांदळाचं आणि टॅपिओकाचं पीठ नारळाच्या दुधात कालवून एक थर ओतायचा, वाफवायचा, मग त्यावर दुसरा. चिनी लोक तिला नऊ थरांची कुए म्हणतात. तिथली मुलं एकेक थर सोलून खातात. मीही तशीच खाल्ली आणि तशीच खावी असं माझं मत आहे.

आता टाळायचं काय. कुए सलातमध्ये खाली भात असतो आणि वर जो मऊ हिरवा थर असतो त्यात अंडं असतं. पुलुत ताई ताईचा निळा भात तुम्हाला चालेल, पण सोबतचा काया म्हणजे अंडं-नारळाचा मुरंबाच, तो नको. भाजलेला, तपकिरी रेघांचा लापिस लेगित तर अंडी आणि लोण्यावरच उभा असतो. आणि एक फसवं पुडकं असतं, रेम्पाह उदांग. केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भातच, पण आत तिखट सुका झिंगा. ‘उदांग’ म्हणजे झिंगा, एवढा शब्द लक्षात ठेवा. बाकी गाळ्यावरच्या बाईंना ‘आँटी, एग?’ असं विचारलं तरी पुरतं. विचारलेलं त्यांना आवडतं.

सकाळी दहाच्या आत गाठा, दुपारी ट्रे रिकामे दिसतात. सोबत ‘कोपी ओ कोसोंग’ मागा, म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी. माडाच्या गुळाला तीच शोभते. उठताना ट्रे स्वतः परत ठेवायचा, 2021 पासून तो नियम आहे.

घरी नेलीत तर फ्रिजमध्ये ठेवू नका. मी एकदा सहा वड्या रात्रभर ठेवल्या आणि सकाळी त्या रबरासारख्या झाल्या. गार झालं की तांदळाचं पीठ कडक होतं. बाहेर ठेवावं तर नारळ आंबतो. तेव्हा तितक्याच घ्या, जितक्या दुपारच्या चहापर्यंत तिघांत संपतील. ओन्दे-ओन्दे मात्र दोन जास्त घ्या.