बंदूक, शस्त्र की हत्यार?

अमेरिकेतल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांची रविवारची मराठी शाळा तिथल्या सरकारी शाळेच्या वर्गांत भरते, शिवजयंतीच्या आधी पालकांना 'शस्त्रं आणू नका' अशी मराठीत सूचना पाठवायचीय, तर 'फायरआर्म' आणि 'वेपन'ला काय लिहू?

ताई, फायरआर्मला बंदूक नको. शाळांजवळ फायरआर्म बाळगायला बंदी घालणारा जो तिकडचा केंद्रीय कायदा आहे, त्याला लागू असलेली व्याख्या बघा, स्फोटकाच्या जोरावर गोळी उडवणारं ते जवळपास सगळं त्यात येतं, शर्यत सुरू करताना उडवतात ते पिस्तूलसुद्धा, आणि वर बॉम्ब न् ग्रेनेडही. आता बॉम्बला बंदूक कोण म्हणेल? उलट जत्रेतली फुगे फोडायची छर्‍याची बंदूक हवेवर चालते म्हणून त्या व्याख्येत बसतच नाही, आपल्यासाठी मात्र ती बंदूकच, दिवाळीतली टिकल्यांची पण बंदूकच. म्हणून 'अग्निशस्त्र' लिहा, जड आहे पण पोलिसांच्या बातम्यांतून कानावरचं आहे. कोणीतरी संस्कृतवाला येऊन सांगेलच की हातात धरतात ते शस्त्र, फेकतात ते अस्त्र, आणि गोळी तर फेकली जाते! असू दे. आपल्याकडचा १९५९चा कायदासुद्धा मराठीत 'शस्त्र अधिनियम'च आहे.

वेपनला 'हत्यार' मला तरी खटकतं. हिंदीत हथियार म्हणजे शस्त्रच, पण मराठीत सुताराची पटाशी-रंधा हीसुद्धा हत्यारंच, खंडेनवमीला पुजतो ती. (आणि हा शब्द हत्येवरून नाही आलेला बरं का, हातावरून आलाय, हिंदीतला थ बघा.) उद्या कुणी विचारेल, क्राफ्टच्या तासाला स्क्रूड्रायव्हर आणू की नको? तेव्हा सरळ 'शस्त्र' लिहा, आणि चाकू-सुरे वेगळे लिहा कारण हा केंद्रीय कायदा फक्त अग्निशस्त्रांचा आहे, बाकीचं राज्याच्या आणि शाळेच्या नियमांत असतं.

अजून एक, 'शाळेच्या आवारात' एवढ्यावर थांबू नका. आवार कुंपणापाशी संपतं, कायदा मात्र हद्दीपासून १००० फुटांपर्यंत जातो, म्हणून 'आवारात व परिसरात', आणि फुटांचा आकडा घालाच, परिसर म्हटलं की ज्याचा त्याचा वेगळा असतो. गंमत म्हणजे १९९०चा हा कायदा १९९५ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने लोपेझ खटल्यात ५ विरुद्ध ४ असा उडवला होता, केंद्राने तो आंतरराज्य व्यापारावरच्या आपल्या अधिकारातून केला होता आणि शाळेजवळ बंदूक बाळगणं हा काही आंतरराज्य व्यापार नव्हे म्हणून. मग काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या संसदेने, 'आंतरराज्य व्यापारातून आलेलं' अशा अर्थाचे चार शब्द घुसवले आणि कायदा परत उभा राहिला. शब्दांचा कीस पाडतो म्हणून आम्हाला हसता ना!

आणि शिवजयंती आहे म्हणून आठवण, पुठ्ठ्याच्या भवानी तलवारीचं शाळेला आधी विचारून ठेवा. बर्‍याच शाळांना तसलंही चालत नाही. तिथे 'नकली शस्त्र' लिहू नका, खेळण्यातली तलवार नकली कशी, ती खेळण्यातलीच. 'शस्त्रासारखी दिसणारी वस्तू' असं लिहा.