वहीच्या कोपऱ्यातला वायकिंग

ताई, नमस्कार.

पत्रासोबत मुलाची फिजिक्सची वहीच कुरिअरने पाठवलीत, हे फार बरं केलंत. अकरावी सायन्सचा मुलगा डेन्मार्कच्या विद्यार्थ्यांची ‘द सागा ऑफ ब्योर्न’ ही विनोदी अ‍ॅनिमेशन फिल्म पाहून वेडावलाय, दिवसभर वायकिंग (उत्तर युरोपातले जुने दर्यावर्दी लढवय्ये) काढतो, आणि अ‍ॅनिमेशनचा एक क्लास नोकरीची हमी देऊन दीड लाख आगाऊ मागतोय. भरावेत का, असं तुम्ही विचारलंय.

नका भरू. आधी वहीबद्दल बोलू.

उजव्या कोपऱ्यात, पानं भराभर सोडली की हलणारं चित्र आहे. पोट सुटलेला म्हातारा वायकिंग रुतलेली कुऱ्हाड उपटायला जातो. तळहातावर थुंकतो, गुडघे वाकवतो, जोर लावतो. कुऱ्हाड जागची हलत नाही, विजार मात्र घसरते. पुढची चार पानं तो तसाच उभा. पाचव्या पानावर फक्त डोळे खाली वळतात. मी पाच-सहा वेळा पानं सोडून पाहिली, दर वेळी हसू फुटलं. ताई, सगळा विनोद त्या चार स्थिर पानांत आहे. सॉफ्टवेअर कुणीही शिकवेल, आणि ब्लेंडर हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. पण कुठे थांबायचं हे त्याला आत्ताच कळतंय.

ती फिल्म २०११ची, डेन्मार्कमधल्या व्हिबोर्गच्या ‘द अ‍ॅनिमेशन वर्कशॉप’ या शिक्षणसंस्थेतली. म्हाताऱ्या वायकिंगला वल्हाल्लात, म्हणजे वायकिंग वीरांच्या स्वर्गात जायचंय, त्यासाठी लढाईतच मरायला हवं, आणि तसं मरण काही जमत नाही. त्याची तळमळ खरी आहे, म्हणून आपण हसतो. सात-एक मिनिटांची फिल्म, सेकंदाला २४ फ्रेम (स्थिर चित्रं), म्हणजे दहा हजारांच्या आसपास फ्रेम! हे एकट्याचं काम नव्हे, विद्यार्थ्यांच्या गटाचं आहे. मॉडेलिंग (पात्रांचे थ्रीडी आकार घडवणं), रिगिंग (ते हलवता यावेत म्हणून आत सांगाडा बसवणं), लायटिंग (प्रकाशयोजना) अशी कामं गटात वाटली जातात. तुमचा मुलगा एकटाच काढत बसतो, याची मला थोडी काळजी वाटते. दोन मित्रांना घेऊन त्याने तीस सेकंदांचं काहीतरी पूर्ण करावं. अर्धवट दहा नकोत, पुरं एक हवं.

आणखी एक. त्याच्या सगळ्या वायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं आहेत. नॉर्वेत येर्मुंडबू इथे १९४३मध्ये सापडलेल्या खऱ्या शिरस्त्राणाला शिंगं नाहीत. ती कल्पना रूढ झाली जर्मन संगीतकार वाग्नरच्या १८७६च्या ऑपेरातल्या (संगीतनाटकातल्या) पोशाखांमुळे. विनोदासाठी शिंगं खुशाल ठेवावीत, पण माहीत असून ठेवावीत. मुलाखतीत ‘हे असंच का काढलंस?’ असं विचारतातच.

आता रस्ता. सायन्स सोडू नका, पण त्यावाचून अडतही नाही. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची डॅट आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागासाठी यूसीड, या दोन्ही प्रवेशपरीक्षा कुठल्याही शाखेतून देता येतात. बारावीच्या वर्षी सप्टेंबरपासून अर्जांवर लक्ष ठेवा. शिवाय प्रवेशपरीक्षा देऊन मुंबईच्या जे.जे. या कलासंस्थेतलं उपयोजित कलेचं शिक्षण आहेच. व्हिबोर्गला इंग्रजीतून शिकवतात, पण युरोपबाहेरच्यांना फी पडते आणि राहण्याचा खर्च वेगळा. ते आत्ता डोक्यात नको.

पैशाचंही सांगते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि काम द्यायची तारीख जवळ आली की रात्री जागाव्या लागतात. त्याच्या बाबांना हे आधीच सांगून ठेवा.

वही उद्याच परत पाठवते, फिजिक्सचा अभ्यास खोळंबायला नको. त्याला माझा एक प्रश्न विचारा: विजार घसरली तेव्हा पाहणारं तिथे कोण होतं? त्याचं उत्तर मला पुढच्या पानांवर काढून हवंय.