आपत्कालीन वैद्यकाच्या रेसिडेंटने संशोधन पुरस्कारासाठी निबंध पाठवावा का?

आपण विचारले आहे की, कोकणातल्या लहान कॉलेजात आपत्कालीन वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला असताना डॉक्टरांच्या परिषदेतल्या (कॉन्फरन्समधल्या) रेसिडेंट पुरस्कारासाठी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांसाठीच्या पुरस्कारासाठी, निबंध पाठवण्यात अर्थ आहे का, आणि सीएमई, म्हणजे डॉक्टरांचे निरंतर शिक्षण, हे केवळ क्रेडिट पॉइंट जमवणेच असते का. मी रत्नागिरी जिल्ह्यात अनेक वर्षे कॅज्युअल्टी (रुग्णालयाचा तातडीचा विभाग) सांभाळतो आहे, म्हणून अनुभवावरून लिहितो.

निबंध जरूर पाठवा. मात्र पुरस्कार डोळ्यांपुढे ठेवून विषय शोधू नका; रात्रपाळीत ज्या प्रश्नापाशी आपण पुन्हा पुन्हा अडता, तोच विषय घ्या. आपल्या शाखेला भारतात स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ साली, त्यामुळे आपल्याकडच्या रुग्णांविषयीचे कितीतरी साधे प्रश्न अजून कोणी नीट तपासलेलेच नाहीत. शिवाय लहान जागेतून मोठे काम होत नाही, हे कोकणात तरी कोणी म्हणू नये. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले ते महाड परिसरातले रुग्ण डोळ्यांसमोर दगावताना पाहून. आणि प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे दाखवणारी त्यांची ७० रुग्णांची चाचणी २०११ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, तीही महाडचीच.

माझा स्वतःचा निबंध याहून फार साधा होता. भातलावणीच्या दिवसांत फुरसे किंवा घोणस चावलेले रुग्ण आले की आम्ही वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी लावत असू: शिरेतले दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही आणि मग ती एकदाच कलती करून पाहायची; रक्त पातळच राहिले असेल तर विष भिनले असे समजायचे. मी शिकत होतो त्या रुग्णालयात ही नळी कधी प्लास्टिकची असे, तर कधी साबणाने धुऊन पुन्हा वापरात आणलेली. गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाचा अंश राहिलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही पातळ राहू शकते, आणि मग विष भिनलेले नसतानाही प्रतिविष दिले जाते, ज्याची तीव्र ॲलर्जी जिवावर बेतू शकते. एका पावसाळ्याचे केसपेपर मी चाळले, तेव्हा चाचणी किती वाजता लावली हेसुद्धा अनेकांवर लिहिलेले नव्हते. पोस्टर म्हणून मांडलेल्या त्या निबंधाला पुरस्कार मिळाला नाही. पण पुढच्या पावसाळ्याआधी आमच्या ट्रॉलीत कोऱ्या काचनळ्यांचा डबा आला आणि वरच्या भिंतीवर घड्याळ लागले, याचे समाधान मला आजही वाटते.

सीएमईविषयी सांगायचे तर, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडच्या (डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडच्या) नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० पॉइंट लागतात, आणि ते नुसती भाषणे ऐकूनही मिळतात. आपण मात्र प्रत्यक्ष हात चालवायला मिळेल अशीच कार्यशाळा निवडा, कारण पुतळ्यावर श्वासनलिकेत नळी घालण्याचा सराव झालेला असला तर महामार्गावरून जबडा मोडलेला रुग्ण येतो तेव्हा हात थरथरत नाही. मुंबईला जाऊन येण्यात दोन रात्री मोडतात, म्हणून वरिष्ठांना गळ घालून अशी कार्यशाळा आपल्याच कॉलेजात भरवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना आवर्जून बोलवा. प्रतिविषाची पहिली मात्रा बहुतेक वेळा त्यांनाच द्यावी लागते.

संशोधनाचा पाया म्हणून चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ऑनलाइन मूलभूत अभ्यासक्रम आपल्याला करावाच लागणार आहे. तो परीक्षेपुरता उरकू नका, नमुनासंख्येचा, म्हणजे अभ्यासाला किती रुग्ण लागतील हे ठरवण्याचा, भाग तर दोनदा ऐका. संशोधन नीतीला धरून आहे ना हे तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या, काम झाल्यावर ती मागता येत नाही. औषधांची तुलना करणार असाल, तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी झाली पाहिजे. परवानगी येईपर्यंत दंशाची वेळ, रुग्ण पोचल्याची वेळ आणि नळी लावल्याची वेळ प्रत्येक केसपेपरावर लिहू लागा; ती उपचाराचीच नोंद आहे, तिच्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.