ऑपरेशन यशस्वी झालं, मग मला रडू का येतं?

गॅस्ट्रिक बायपासला, म्हणजे वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला, आठ महिने झाले होते आणि वजन ४३ किलोंनी उतरलं होतं. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या होत्या, रात्रीचं घोरणं थांबलं होतं, जिना चढताना दम लागत नव्हता. एवढं सगळं सांगून झाल्यावर त्या गृहस्थांनी खाली बघत विचारलं, “मॅडम, मी हे करून चूक केली का?”

अशा ऑपरेशननंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात हाच प्रश्न असतो, फक्त तो तोंडावर यायला वेळ लागतो. त्यांना वाटत असतं, आपल्याला तक्रार करायचा हक्कच नाही. स्वतःच्या मर्जीने ऑपरेशन करून घेतलं, घरच्यांनी धावपळ केली, रिपोर्ट उत्तम आहेत. आता कुरकुर कोणत्या तोंडाने करायची? मला विचाराल तर ऑपरेशननंतरच्या सगळ्या त्रासांत हा संकोच सगळ्यात धोक्याचा. बाकीचे त्रास तो झाकून ठेवतो.

हे गृहस्थ चाळिशीतले, कार्यालयात हिशेबाचं काम करणारे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मित्रांमध्ये ते शाळेपासून ‘जाड्या’. आपल्या आकारावरचा पहिला विनोद आपणच करून टाकायचा, म्हणजे दुसऱ्याला संधी उरत नाही, ही युक्ती त्यांनी लहानपणीच शोधून काढली होती. माझ्याकडे त्यांना बायकोने आणलं होतं, ‘पॅनिक अटॅक’ येतात म्हणून.

छाती धडधडायची, दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे, आता आपलं काही खरं नाही असं वाटायचं. एका सहकाऱ्याने “तुम्ही फार टेन्शन घेता” असं सांगितल्यावर त्यांनी श्वासाचे व्यायाम सुरू केले होते. फरक शून्य. ऑपरेशन झालेल्या माणसाकडून असं वर्णन ऐकलं की माझा पहिला प्रश्न मनाबद्दलचा नसतो. मी विचारलं, “त्याआधी काय खाल्लं होतं? आणि किती वेळ आधी?” त्यांना आठवेना. म्हणून आठवडाभर एक वही ठेवायला सांगितली. काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता, बस्स.

वही बघितल्यावर फार डोकं चालवावं लागलं नाही. बहुतेक ‘अटॅक’ गोड पेय किंवा गोड पदार्थ घेतल्यानंतर १० ते ३० मिनिटांत येत होते. काही एक ते तीन तासांनी. याला डम्पिंग सिंड्रोम म्हणतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या भागाची साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. साखर जठरात रेंगाळत नाही, एकदम आतड्यात उतरते, तिथे पाणी खेचून घेते, आणि धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब असा गोंधळ उडतो. उशिरा येणारा त्रास वेगळा. रक्तातली साखर झपाट्याने चढते, शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं, आणि मग साखर खाली कोसळते. थरथर, गोंधळल्यासारखं होणं, अचानक कडाडून भूक लागणं ही त्याची लक्षणं. घाबरल्यावरही शरीर हेच सगळं करतं, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे.

निदान करणं माझं काम नाही. वही घेऊन मी त्यांना सर्जनकडे आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवणार होते. पण त्याच वहीत जागोजागी एक बारीक ‘उ’ लिहिलेला होता. विचारलं तर म्हणाले, “उलटी. ते काही विशेष नाही.” आठवड्यातून चार-पाच वेळा! फॉलो-अपला हे सांगितलं का? नाही. “डॉक्टर मला बघून इतके खूश होतात. माझे आधीचे आणि आत्ताचे फोटो ते इतर पेशंटना दाखवतात. त्यांना कसं सांगू?”

म्हणजे डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून पेशंट उलट्या लपवत होता. हसू येईल, पण यात जिवाशी खेळ आहे. वारंवार उलट्या होत राहिल्या तर थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, कमी पडतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम काही आठवड्यांचा असतो. तो संपला की तोल जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, बुद्धीचा गोंधळ होणं अशी लक्षणं दिसतात, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी समुपदेशनाची पुढची तारीख घेऊन उपयोग नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. सतत उलट्या, ताप, पोटात तीव्र वेदना, शौचास काळी होणं, पाणीसुद्धा पोटात न ठरणं, यांनाही तोच नियम.

त्यांच्यावर ती वेळ आली नव्हती. तपासण्यांत लोह आणि बी-१२ कमी निघालं, कारण ‘आता बरा झालो’ म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. बायपासनंतर जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, कारण आतड्याच्या ज्या भागात ती शोषली जातात त्यातला काही भाग अन्नाच्या वाटेतून वगळलेला असतो. बी-१२ कमी झालं की थकवा येतो, पायांना मुंग्या येतात, आणि मनही उतरतं. त्यांची उदासी यातून किती आणि आयुष्यातून किती, हे कुणी काट्यावर तोलून सांगू शकणार नाही. म्हणून दोन्हींकडे एकदमच बघावं लागतं. केसही गळत होते. हे ऑपरेशननंतर साधारण तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतं आणि प्रोटीन, लोह नीट असेल तर बहुतेकांचे केस पुढच्या काही महिन्यांत परत येतात. ते त्यांना आधी कोणी सांगितलं होतं की सांगूनही लक्षात राहिलं नव्हतं, कोण जाणे. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात माणूस फारसं काही ऐकण्याच्या स्थितीत नसतो.

आहारतज्ज्ञांनी घडी बसवून दिली. आधी प्रोटीन, दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. छोटे घास, सावकाश. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट. गोड पेयं बंद. उलट्या दोन-तीन आठवड्यांत आटोक्यात आल्या, ‘अटॅक’ही. तेव्हा कुठे आम्ही त्यांच्या मूळ प्रश्नाकडे वळलो.

एक चमत्कारिक गोष्ट त्यांना छळत होती. भूक लागत नाही, तरी रात्री अकरा वाजता ते फ्रीजपुढे उभे असतात. बायपासनंतर पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारी संप्रेरकं वाढतात, त्यामुळे पोटाची भूक खरोखर कमी होते. मनाची भूक मात्र ऑपरेशनच्या टेबलावर येतच नाही. मी विचारलं, “रात्री अकराच्या त्या खाण्यातून तुम्हाला काय मिळायचं?” चव, सवय असं काहीबाही बोलून झाल्यावर ते म्हणाले, “दिवसभरात माझ्याकडून कोणी काही मागत नाही असा तो एकच तास होता.”

अशा ठिकाणी ‘एखादा छंद लावून घ्या’ हा सल्ला मला फुसका वाटतो. त्यांना हवा होता तो तास. खाणं हे तो तास मिळवण्याचं निमित्त होतं. निमित्त गेलं तशी त्या तासावर घरातली कामं चढली, मुलाचा अभ्यास चढला, कार्यालयाचे फोन चढले. आम्ही पहिलं काम हे केलं की घरी स्पष्ट सांगितलं, हा तास यांचा. त्यात ते काय करतात हा त्यांचा प्रश्न. पहिले काही दिवस ते नुसते बसून राहिले.

पण आणखी एक गोष्ट विचारणं भाग होतं. त्या तासात दुसरं काही शिरलं आहे का? शिरलं होतं. झोप यावी म्हणून ते रोज एक पेग घेऊ लागले होते. “एकच,” ते म्हणाले. बायपासनंतर एक हा एक राहत नाही. दारू रक्तात फार लवकर उतरते आणि तिची पातळी पूर्वीपेक्षा जास्त चढते. दारूच्या आहारी जाण्याचं प्रमाण बायपासनंतरच्या दुसऱ्या वर्षात वाढतं, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं आहे. खाण्याने जे सांभाळलं जात होतं ते दुसऱ्या कशाने तरी सांभाळू पाहायचं, हे माणसाचं स्वाभाविक वागणं आहे. म्हणून मी त्यांना रागावले नाही. पेग मात्र बंद करायला लावला आणि ही गोष्ट सर्जनच्या कानावर घातली, त्यांच्या संमतीने.

याच टप्प्यावर मी सरळ विचारलं, “जगू नये असं वाटतं का?” असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घुसतो हा गैरसमज आहे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “काही करावंसं वाटत नाही. पण झोपेतून उठलो नाही तर बरं, असं दोनदा वाटलं.” मी त्याच दिवशी बायकोला आत बोलावलं आणि त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ८,८१५ जणांची ऑपरेशनआधीची आणि नंतरची तीन-तीन वर्षं तपासली, तेव्हा स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीने रुग्णालयात यावं लागण्याचं प्रमाण नंतरच्या काळात दीडपट आढळलं. मूळ आकडा लहान आहे, बहुसंख्य लोकांवर ही वेळ येत नाही. पण ऑपरेशन नीट झालं म्हणून हा प्रश्न टाळायचा, असं करता येत नाही. एक तांत्रिक बाब: बायपासनंतर काही औषधांचं शोषण बदलतं, त्यामुळे नैराश्याच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर मात्रा पुन्हा बघून घ्यावी लागते.

त्यांची औषधं सुरू झाली, झोप सुधारली, आणि मग राग बाहेर आला. “साहेब आता मला मीटिंगला पुढे बसवतात. नवीन लोकांशी ओळख करून देतात. मॅडम, माझे हिशेब तेव्हाही बरोबरच असायचे!” दुकानात विक्रेते अदबीने बोलू लागले, लिफ्टमध्ये अनोळखी लोक हसू लागले. प्रत्येक कौतुकातून त्यांना एकच ऐकू येत होतं: इतकी वर्षं तू आमच्या खिजगणतीत नव्हतास. शिवाय ‘शॉर्टकट मारलास’ म्हणणारे नातेवाईक होतेच. यांना एक महिना ३० मिलिलिटरच्या पिशवीवर काढायला सांगावा, असं माझ्या मनात येऊन गेलं.

या रागावर मी काही उपाय केला नाही, कारण तो रास्त होता. तो कोणावर काढायचा आणि कोणावर नाही, एवढंच आम्ही ठरवलं. बायकोवर निघत होता, तो थांबवायचा होता. कौतुकाला “धन्यवाद” एवढंच म्हणायचं आणि विषय कामाचा काढायचा, हे त्यांनी स्वतः शोधलं आणि त्यांना जमलं.

बायकोची बाजू वेगळीच निघाली. पंधरा वर्षं तिने त्यांचं ताट मोजलं होतं, आणि अजूनही “किती खाल्लंस?” हाच तिचा पहिला प्रश्न असे. आता तिला वेगळी धास्ती होती: हा बदलला, आता मी याला पुरेल का? हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. स्वीडनमधल्या अभ्यासांत ऑपरेशननंतर काही जोडपी वेगळी होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं, आणि एकट्या असलेल्यांचं जोडीदार मिळण्याचंही. नात्याची जुनी मांडणी मोडते, एवढं त्यातून कळतं. या दोघांनी ताटाची मोजणी पूर्ण नवऱ्याकडे सोपवायचं ठरवलं. तिला ते फार जड गेलं.

मग वजन अडकलं. तीन आठवडे काटा हलेना, आणि ते दिवसातून चार-पाचदा वजन करू लागले. मी त्यांना स्वीडनमध्येच १९८७ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासातले आकडे दाखवले. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. थोडं वजन परत येणं हे बहुतेकांच्या बाबतीत घडतं. हिशेबाच्या माणसाला आकड्यांनी जितकं शांत केलं तितकं माझ्या बोलण्याने केलं नसतं. वजन आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी, असं ठरलं.

आता दीड वर्ष होत आलं आहे. घाईत जेवले की अजून कधीतरी उलटी होते, पण ते डॉक्टरांना सांगतात. रक्ताच्या तपासण्या ठरलेल्या वेळी होतात. अरुंद जागेतून जाताना ते अजूनही अंग तिरकं करतात, जिथे तिघं सहज मावतील तिथेसुद्धा. मनातल्या शरीराचं माप हळू बदलतं. पोटावरची आणि दंडांची सैल कातडी त्यांना खुपते, घड्यांमध्ये पुरळ उठतं. ती काढण्याचा विचार वजन काही महिने स्थिर राहिल्यावर, साधारणपणे १२ ते १८ महिन्यांनंतर करतात, म्हणजे आता तो करता येईल. त्यांना ते ऑपरेशन हवं आहे, बायकोला नको. तिचं म्हणणं, पुन्हा भूल, पुन्हा टाके कशाला? त्यांचं म्हणणं, मला शर्ट काढून पोहायचं आहे. पुढच्या भेटीला दोघं मिळून येणार आहेत, प्लास्टिक सर्जनना विचारायच्या प्रश्नांची यादी करायला.