प्रसाद घेतला तर पाप लागेल का?

कॅथलिक मुलगी हिंदू घरात आली की पहिल्या गणपतीत, नाहीतर पहिल्या नवरात्रात हा प्रश्न येतोच. दोन्हीकडचं एकत्र चालतं का? एवढ्या मोठ्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून कुणाचंच समाधान होत नाही.

रीटा (नाव आणि तपशील बदलले आहेत) वसईच्या ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या स्थानिक मराठी बोलणाऱ्या कॅथलिक) घरातली, सासर पुण्याचं. लग्न बिशपांची परवानगी काढून चर्चमध्ये झालेलं. घटस्थापनेला सासूबाईंनी तिला देवीची ओटी भरायला सांगितली. तिने भरली, आणि पुढच्या रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ख्रिस्तप्रसाद घ्यायला ती जागची उठली नाही; आपल्या हातून पाप झालं असं तिला वाटत होतं. मग घरातला साधा शिराही घशाखाली उतरेना. आई फोनवर म्हणायची, “पहिली आज्ञा मोडलीस, दुसरा देव मानलास.” सासूबाई म्हणायच्या, “देवीला नाही म्हणू नये गं.” नवरा दोघींनाही ‘बरं’ म्हणून मोकळा.

अशी कुणी समुपदेशनाला आली की आधी पाहायचं ते धर्माचं नाहीच. झोप कशी आहे? तेच पाप पुन्हापुन्हा कबूल करावंसं वाटतं का? हात धुणं, प्रार्थना मोजत राहणं असं काही सुरू झालंय का? असेल तर मानसोपचारतज्ज्ञ आधी, चर्चा नंतर. रीटाचं तसं नव्हतं. तिची नुसती कोंडी झाली होती.

‘सगळे देव एकच’ हे वाक्य इथे हमखास घोटाळा करतं. सासरच्यांना ते उदार वाटतं, रीटाला मात्र आपली श्रद्धाच पुसल्यासारखं. येशू हाच प्रभू, हे तिच्या श्रद्धेचं मूळ. त्याची कशाशी सरमिसळ होत नाही, आणि होते असं समुपदेशकाने भासवू नये. चालीरीतींचं वेगळं. तिच्याच माहेरी लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात, त्याला कुणी मूर्तिपूजा म्हणत नाही. भारतातल्या कॅथलिक उपासनेत 1969 पासून आरतीला आणि हात जोडून नमस्कार करायला रोमची मान्यता आहे. हे ऐकून ती पहिल्यांदा हसली.

मग वहीत नवरात्रातली एकेक कृती लिहायला सांगितली. प्रत्येकीपुढे दोनच प्रश्न : हे कुणाला उद्देशून? आणि हे करताना मी काय कबूल करते? परडीत माती भरून धान्य पेरणं, रोजची माळ ओवणं, अष्टमीचा स्वयंपाक, अखंड दिव्यात तेल घालणं, मूर्तीसमोर संकल्प, देवीची ओटी, स्वतःची ओटी भरून घेणं. पहिल्या तीन गोष्टी तिला घरकामासारख्या वाटल्या. स्वतःची ओटी हा सासूने सुनेचा केलेला मान, त्यालाही हरकत नव्हती. संकल्प आणि देवीची ओटी मात्र तिला पूजाच वाटली. दिव्यापुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं. ते तसंच राहू दिलं. सगळं एका बैठकीत निकाली काढायची घाई केली की माणूस काहीतरी खोटंच लिहितो.

प्रसादाचा प्रश्न जुनाच आहे. प्राचीन ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या बाजारात मूर्तींना वाहिलेलं मांस विकायला यायचं. बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौल तिथल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो, बाजारातलं विचारपूस न करता खा. पण ‘हे मूर्तीला वाहिलेलं आहे’ असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. प्रत्यक्ष मूर्तीपुढच्या भोजनविधीत सामील व्हायला तर तो साफ नाही म्हणतो. कॅथलिक धर्मगुरूंमध्ये यावर मऊ-कडक दोन्ही मतं भेटतात, पेंटेकॉस्टल पंथांत बहुधा ठाम नकारच. म्हणून रीटाला तिच्या फादरांकडे पाठवलं, वही घेऊन. नुसतं ‘मी पापी आहे का’ विचारलं तर उत्तरही तितकंच मोघम मिळतं.

सासूबाईंशी बोलायचं नवऱ्याने, रीटाने नव्हे. सुनेचा नकार अपमान वाटतो, लेकाचा हट्ट वाटतो. सणाच्या दिवशी तर हा विषय काढूच नये. महिनाभर आधी, घरात पाहुणे नसताना काढावा. वाक्य ठरवून दिलं : “आई, सगळा स्वयंपाक आणि माळा रीटा करेल, ओटी वहिनी भरतील.” काय करणार ते आधी, काय नाही ते नंतर. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी पुरणाचं प्रमाण विचारायला लागल्या.

खरी अडचण पुढे आहे आणि ती या जोडप्याने अजून सोडवलेली नाही. मिश्र विवाहाची परवानगी घेताना कॅथलिक जोडीदार मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्याकडून सर्वतोपरी प्रयत्न करण्याचं वचन देतो; दुसऱ्या जोडीदाराला त्याची फक्त कल्पना दिली जाते, त्याच्याकडून वचन घेत नाहीत. रीटाच्या नवऱ्याने ते कानावरून जाऊ दिलं होतं. आता सातवा महिना आहे. बारशाला कुणाची हरकत नाही. बाप्तिस्म्यावर आणि कुलदेवीला जाऊन जावळ काढण्यावर पुढच्या दोन बैठका ठेवल्या आहेत, दोन्ही आयांना न बोलावता.